शेजारी कोणाला म्हणावे?

वाचकहो, तुमचा शेजारी कोण, असे कुणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागून आहे तो. ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे तो. अडीनडीला ज्याच्या दारात आपण आधी जातो तो.

हे बरोबरच आहे. पण कायद्याने आणखी एक शेजारी मानलेला आहे. तो दहा कोसांवर राहत असेल. आपण त्याचे तोंडही पाहिले नसेल. त्याच्याशी आपला देण्याघेण्याचा काही संबंध नसेल. तरीही कायदा आपल्याला बजावतो, "तो तुझा शेजारी आहे. तुझ्या हयगयीने त्याला इजा होऊ देऊ नकोस."

हा शेजारी कायद्याला कसा सापडला, त्याची हकीकत मोठी नवलाची आहे. ती एका गरीब बाईची आणि एका गोगलगाईची हकीकत आहे. ती आम्ही आज सांगणार आहोत.

बाटलीतली गोगलगाय

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे. तेथे ग्लासगो हे मोठे शहर आहे. त्या शहरात मे डोनोह्यू नावाची बाई राहत होती. ती दुकानात नोकरी करून पोट भरी.

१९२८ साली ऑगस्ट महिन्याची २६ तारीख होती. रविवार होता. संध्याकाळी ही बाई ग्लासगोजवळच्या पेस्ली गावात एका मैत्रिणीबरोबर एका हॉटेलात गेली. मैत्रिणीने पैसे दिले आणि खाण्यापिण्याचे मागवले. बाईसाठी तिने आइस्क्रीम आणि आल्याचे फसफसणारे पेय मागवले. हे पेय आपल्याकडच्या सोड्यासारखे बाटलीत भरून येते.

बाटली गडद रंगाच्या काचेची होती. आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हते. हॉटेलवाल्याने थोडे पेय आइस्क्रीमवर ओतले. बाईने ते घेतले. मग मैत्रिणीने बाटलीतले उरलेले ओतले. तेव्हा काय झाले? त्यातून एक कुजलेली गोगलगाय बाहेर आली!

बाईला शिसारी आली. पुढे तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टर झाला, इस्पितळ झाले. आपली तक्रार अशी होती आणि आपल्याला भरपाई मिळावी, म्हणून तिने दावा लावला. तिने ५०० पौंड मागितले.

दावा कुणावर लावायचा?

आता इथे खरी अडचण आली. तुम्हीच विचार करा, दावा कुणावर लावायचा?

हॉटेलवाल्यावर लावावा, तर बाटली बंद होती. तिचे बूच त्याने गिऱ्हाइकापुढे उघडले. आत गोगलगाय आहे हे त्याला कसे कळणार? शिवाय पैसे बाईने दिलेच नव्हते. ते मैत्रिणीने दिले होते. म्हणजे सौदा मैत्रिणीचा आणि हॉटेलवाल्याचा झाला. बाईचा कुणाशीच सौदा नव्हता.

मग बाटली भरणाऱ्यावर लावावा काय? त्याचे नाव डेव्हिड स्टीव्हन्सन. त्याचा कारखाना पेस्लीतच होता. पण त्याने माल विकला होता हॉटेलवाल्याला. बाईला तो ओळखतही नव्हता.

त्या काळचा कायदा साधारणपणे असा होता, की ज्याच्याशी करार असेल त्यानेच जाब विचारावा. करार म्हणजे दोघांनी ठरवलेला सौदा. मी देतो, तू घे, असा. तिऱ्हाइताने त्यात तोंड घालायचे नाही. विष, बंदूक अशा मुळातच धोक्याच्या वस्तूंना काही अपवाद होते, इतकेच.

हा नियम किती कडक होता, त्याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडात टपालाच्या घोडागाड्या असत. एका माणसाने सरकारशी करार केला होता की या गाड्या मी नीट ठेवीन. पण गाडी नादुरुस्त राहिली. ती मोडली आणि हाकणारा गाडीवान जायबंदी झाला. त्याने दावा लावला. १८४२ साली कोर्टाने सांगितले, "करार सरकारशी होता, तुझ्याशी नव्हता. तुला भरपाई मागता येणार नाही." बिचारा गाडीवान लंगडत घरी गेला.

डोनोह्यूबाईपुढे ही अशी भिंत उभी होती. शिवाय ती अगदी गरीब होती. आपल्यापाशी सगळे मिळून पाच पौंडही नाहीत, असे तिने प्रतिज्ञेवर लिहून दिले. तेव्हा तिला गरीब म्हणून दावा चालवण्याची परवानगी मिळाली. तिचा वकीलही जिद्दीचा होता. अशाच पेयाच्या बाटलीत उंदीर निघाल्याचे खटले त्याने आधी चालवले होते आणि तो हरला होता. तरी तो खचला नाही.

तीन विरुद्ध दोन

खटला चढत चढत लंडनला गेला. हाऊस ऑफ लॉर्ड्स हे त्या काळी ब्रिटनचे सर्वांत वरचे न्यायालय होते. तेथे पाच न्यायाधीश बसले. २६ मे १९३२ रोजी निकाल लागला. दोघे म्हणाले, दावा चालणार नाही. तिघे म्हणाले, चालेल. एका मताने बाईची बाजू राहिली.

त्या तिघांत ॲटकिन नावाचे न्यायाधीश होते. त्यांनी जे लिहिले ते आज जगातल्या अनेक देशांत कायद्याचे विद्यार्थी शिकतात. त्याचा भावार्थ आम्ही आमच्या शब्दांत देतो.

धर्म सांगतो, शेजाऱ्यावर प्रेम करा. कायदा माणसाला प्रेम करायला लावू शकत नाही. तो एवढेच म्हणतो, शेजाऱ्याला इजा करू नका. मग शेजारी कोण? आपण एखादे काम करतो, किंवा करायचे ते करत नाही. त्याचा चटका ज्याला सरळ बसेल, आणि ते काम करताना आपल्याला ज्याचा विचार सुचायला हवा, तो आपला शेजारी.

पाहा, किती सोपी गोष्ट आहे! बाटली भरणाऱ्याला ठाऊक होते की ही बाटली कुणीतरी पिणार. मधे कुणी ती उघडून तपासणार नाही. म्हणजे पिणारा हा त्याचा शेजारीच झाला. त्याचे नाव ठाऊक नसले म्हणून काय झाले? बाटली धुताना आणि भरताना त्याची आठवण ठेवायला हवी होती.

यालाच कायद्यात 'काळजी घेण्याचे कर्तव्य' म्हणतात.

या हकीकतीचा शेवटही सांगून टाकतो. न्यायालयाने फक्त दावा चालेल एवढेच ठरवले होते. गोगलगाय खरोखर होती काय, याची साक्ष पुढे व्हायची होती. पण त्याच वर्षी स्टीव्हन्सन वारला. मग आपसात तडजोड होऊन बाईला काही रक्कम मिळाली. त्या बाटलीत गोगलगाय होती की नाही, ते कोर्टात कधीच शाबीत झाले नाही. पण त्या गोगलगाईने जगाला शेजारी दाखवून दिला.

तीन गोष्टी पटवाव्या लागतात

इथे कुणी म्हणेल, "म्हणजे कुणाला काही झाले, की भरपाई मागता येते की काय?" नाही. तसे नाही. भरपाई मागणाऱ्याला तीन गोष्टी कोर्टाला पटवून द्याव्या लागतात.

पहिली गोष्ट कर्तव्य. त्या माणसाने माझी काळजी घ्यायला हवी होती काय?

दुसरी गोष्ट कसूर. त्याने ती घेतली नाही काय?

तिसरी गोष्ट नुकसान. त्या कसुरीमुळेच माझे नुकसान झाले काय?

तीन पायांच्या तिवईसारखे हे आहे. एक पाय नसला तर तिवई कलंडते.

काळजी तरी किती घ्यायची? कायदा देवाइतकी काळजी मागत नाही. समंजस माणूस जेवढी घेईल तेवढीच मागतो. इंग्लंडातच १९४७ साली एक बाई आपल्या घरासमोर रस्त्यावर उभी होती. जवळच्या क्रिकेटच्या मैदानावरून चेंडू उडून आला आणि तिला लागला. तिने दावा लावला. चौकशीत दिसले की मैदानाला उंच कुंपण होते. सुमारे तीस वर्षांत चेंडू सहा-एक वेळाच रस्त्यावर गेला होता. १९५१ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की इतका दुर्मीळ धोका धरून कुणी मैदान बंद करणार नाही. क्रिकेटवाल्यांची कसूर नाही. बाईचा दावा गेला.

पण समजा, चेंडू रोजच रस्त्यावर पडत असता तर? तर निकाल वेगळा लागला असता. धोका जेवढा उघड, तेवढी काळजी अधिक. इजा जेवढी मोठी होण्यासारखी, तेवढी काळजी अधिक. आणि ज्याला इजा झाली त्याचीही चूक असेल, तर त्याची भरपाई त्या मानाने कमी होते.

आपल्या देशात काय?

भारतातही कोर्टे हेच तत्त्व मानतात. दोन खटले सांगतो.

दिल्लीत चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर घड्याळाचा मनोरा होता. त्याची मालकी नगरपालिकेची. १९५१ साली तो मनोरा कोसळला आणि खालची माणसे दगावली. घरच्यांनी दावे लावले. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा होता. वरच्या मजल्याला जो चुना वापरला होता, त्याचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचेच असते, असे तज्ज्ञाने सांगितले. नगरपालिका म्हणाली, "वरून काही बिघाड दिसत नव्हता." १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मानले नाही. रस्त्याला लागून जुनी इमारत असेल तर मालकाने वेळोवेळी तपासणी केलीच पाहिजे. दिसले नाही, हे उत्तर चालणार नाही.

दुसरा खटला आपल्या महाराष्ट्रातला. १९५३ सालचा मे महिना. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेत म्हणून गाव आहे. तेथे समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याला सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला नेले. तेथे एका डॉक्टरांनी पुरती भूल न देता जोर लावून हाड बसवले आणि प्लास्टर घातले. त्याच रात्री तो पोरगा गेला. आईबापांनी दावा लावला. शेवटचा निकाल लागेपर्यंत पंधरा वर्षे गेली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची हयगय झाली, असा निकाल कायम केला. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. तीन हजारांनी मुलगा परत येत नाही. पण त्या निकालाने एक गोष्ट पक्की झाली. रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता इलाज करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे. न्यायालयाने असेही सांगितले की डॉक्टरकडून सर्वांत वरच्या दर्जाचे कसब कायदा मागत नाही. अगदी खालच्या दर्जाचेही चालवून घेत नाही. रास्त तेवढे मागतो. प्रत्येक रोगी बरा झालाच पाहिजे, असे कुणी म्हणत नाही, बरं का.

आमची कसूर

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची एक सांगतो.

आम्ही एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेच्या आवारात जमिनीत बांधलेले पाण्याचे टाके होते. त्याला फळ्यांचे झाकण होते. एका पावसाळ्यात दोन फळ्या कुजल्या. आमच्या ते ध्यानात आले. आम्ही वरच्या कचेरीला पत्र लिहिले, की नवे झाकण मिळावे. पत्राची नक्कल फायलीला लावली. आपले काम झाले, असे समजून आम्ही स्वस्थ बसलो.

तीन आठवडे गेले. मधल्या सुट्टीत तिसरीतला एक मुलगा चेंडूमागे धावत आला. त्याचा पाय फळीवर पडला, फळी मोडली आणि तो आत गेला. पाणी कमरेएवढेच होते म्हणून जीव वाचला. पण कोपराजवळ हाड मोडले. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही.

संध्याकाळी त्याचे वडील आले. आम्ही त्यांच्यापुढे फाईल उघडली आणि पत्राची नक्कल दाखवली. ते म्हणाले, "गुरुजी, मला कुठं वाचता येतंय? कागद ऱ्हाऊ द्या. टाक्याभवती चार काट्या तरी रोवायच्या हुत्या."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी दावा लावला नाही. लावला असता, तर आम्ही ती नक्कल कोर्टातही दाखवली असती, आणि कोर्टानेही आम्हाला त्या चार काट्यांचेच विचारले असते. पत्र लिहिणे हे एक काम होते. पण पोर उद्या तिथे खेळणार होते, पत्राच्या उत्तरापर्यंत थांबणार नव्हते. आवारात काट्या होत्या, गडी होता, अर्ध्या तासाचे काम होते. ते आम्ही केले नाही.

पुढे तो मुलगा शिकला, नोकरीला लागला. वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो. तो वाकला की आमची नजर त्याच्या त्या हातावर जाते.

आपल्या गावातले शेजारी

आता आपल्या गावाकडे पाहू. आपणही रोज अशी कितीतरी कामे करतो, ज्यांचा चटका न पाहिलेल्या माणसाला बसू शकतो.

रानडुकरे पीक खातात म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत घरच्या लाइनीतला वीजप्रवाह सोडतात. डुकराला वाचता येत नाही, तसे अंधारात चालणाऱ्या माणसालाही तार दिसत नाही. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्यात सापडतो. असे मृत्यू आपण वर्तमानपत्रात वारंवार वाचतो. इथे नुसत्या भरपाईवर भागत नाही. हयगयीने कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

उसाने भरलेली ट्रॉली रात्री सडकेवर बंद पडते. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. मोटारसायकलवाला येऊन आदळतो. तो ट्रॉलीवाल्याचा शेजारी नव्हे काय?

फवारणीचे औषध उरते. ते आपण सरबताच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवतो. आपल्याला ठाऊक असते आत काय आहे. घरातल्या लेकराला ठाऊक नसते. पेस्लीच्या बाटलीत गोगलगाय होती, आपल्या बाटलीत तर विष आहे.

विहिरीला कठडा नाही. बैल मारका आहे हे ठाऊक असून तो पाणवठ्यावर मोकळा सोडला. रस्त्याकडेला मातीसाठी खड्डा खणला आणि तसाच ठेवला. यांतले प्रत्येक काम करताना एकच प्रश्न मनाला विचारावा : "याच्या पलीकडच्या टोकाला कोण आहे?"

आपल्यालाच इजा झाली तर?

काही गोष्टी लगेच कराव्या. आधी औषधपाणी. मग डॉक्टरचे कागद, दुकानाची पावती आणि बिघडलेली वस्तू जपून ठेवावी. बाटली फेकून देऊ नये. पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावी. आता आपल्याला लिहिता येते, तर ते दुसऱ्यावर सोपवू नये. सडकेवरच्या अपघाताची पोलिसात नोंद करावी. त्याच्या भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरण आहे.

विकत घेतलेल्या वस्तूने इजा झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तू बनवणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. सल्ल्यासाठी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. डोनोह्यूबाईपाशी तरी कुठे होते? आपल्या देशात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तेथे चौकशी करावी.

पण वाचकहो, कोर्टात जाण्याची पाळी न येणे हेच सर्वांत चांगले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. आम्हाला ठेच लागली. खरे म्हणजे ती आम्हाला लागलीच नाही, एका लेकराला लागली. तुम्ही तरी आजच दिवस मावळायच्या आत आपल्या घराभोवती आणि रानात एक फेरी मारून या. काय उघडे आहे, काय मोडके आहे, ते पाहा. कागद सावकाश लिहिता येईल. आधी काट्या रोवा.

विचार करा आणि सांगा

१. बाटली भरणाऱ्याने डोनोह्यूबाईला कधी पाहिले नव्हते. तरी ती त्याची शेजारी कशी?

२. भरपाई मागणाऱ्याला कोणत्या तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात?

३. चेंडू लागलेल्या बाईचा दावा का गेला?

४. तुमच्या गावात आज असे कोणते ठिकाण आहे, जिथे काट्या रोवायला हव्यात? ते कोण करणार?